पायथन प्रकल्पातली कॉन्फिग फाइल : कोणती गोष्ट कुठे ठेवावी?

रस्ता_सोळा | सोमवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचे चौघांचे छोटे कार्यालय आहे. वाशीच्या एपीएमसीतील काही व्यापाऱ्यांसाठी आम्ही पायथनमध्ये लिहिलेली एक प्रणाली चालवतो. गाळ्यावर आलेल्या मालाची नोंद करणे, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, तयार करणे आणि रात्री साडेदहाला दिवसभराच्या विक्रीचा गोषवारा मालकाला पाठवणे, एवढेच तिचे काम आहे. प्रोग्रॅम पेढीवरच्या विंडोज संगणकावर चालतो आणि डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर आहे.

सुरुवातीला एकच गिऱ्हाईक होते, तेव्हा सर्व कॉन्फिग, म्हणजे ठिकाणाप्रमाणे बदलणारी मूल्ये, सेटिंग्ज.पाय या एकाच पायथन फाइलमध्ये लिहिली. त्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे, एसएमएसची किल्ली आहे, आडत (दलाली), हमाली आणि तोलाईचे दर आहेत, गाळा क्रमांक आहेत, आणि गोषवारा पाठवण्याची वेळही आहे. आज गिऱ्हाइके सात झाली आणि त्या फाइलच्या प्रतीही सात झाल्या. त्यांपैकी कोणती खरी, हे प्रत्येक वेळी उघडून पाहावे लागते.

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने कार्यालयात बसून चाचणी घेतली. त्याच्या लॅपटॉपवर एका गिऱ्हाइकाची खरी फाइल राहून गेलेली होती. परिणामी त्या मालकाच्या साठेक शेतकऱ्यांना 'चाचणी १२३' असा संदेश गेला, आणि काहींनी पहाटे चार वाजता पेढीवर फोन करून आपल्या मालाला हा कोणता भाव लागला अशी विचारणा केली.

तेव्हा आता हे नीट करायचे ठरवले आहे. मूल्ये आयएनआय, जेसन, यॅमल, टॉमल यांपैकी एखाद्या स्वरूपाच्या मजकूर-फाइलमध्ये ठेवावीत, प्रोग्रॅमला बाहेरून मूल्य पुरवणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावीत, की आहे तीच पायथन फाइल बरी? आम्ही चौघे आहोत आणि मते पाच आहेत. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

मासुंदा | सोमवार, सकाळी १०:५२

बाकी चर्चा नंतर. ती सेटिंग्ज.पाय गिटमध्ये आहे का?

रस्ता_सोळा | सोमवार, सकाळी ११:०५

होय, कोडच्या सगळ्या आवृत्त्या गिटमध्येच जपतो. पण रिपॉझिटरी, म्हणजे तो साठा, खासगी आहे.

पारसिक | सोमवार, सकाळी ११:३८

मासुंदा यांनी नेमके दुखणे पकडले आहे. रिपॉझिटरी आज खासगी असली, तरी तिची किती लॅपटॉपवर नक्कल (क्लोन) झाली आहे आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी किती जणांकडे तिची प्रत आहे, याचा हिशेब बहुधा तुमच्याकडे नसेल.

आता सर्वसाधारण माणूस काय करतो ते सांगतो, कारण मीही तेच केले होते. तो फाइलमधून पासवर्ड काढतो, फाइलचे नाव गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत लिहितो, कमिट करतो, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवतो, आणि निश्चिंत होतो. यात दोन चुका आहेत. गिट ज्या फाइलवर आधीपासून लक्ष ठेवून आहे, तिला गिटइग्नोर लागूच होत नाही. तिला आधी 'गिट आरएम' आणि 'कॅश्ड' हा पर्याय वापरून नोंदीतून काढावे लागते. दुसरे म्हणजे, तेवढे करूनही जुन्या कमिटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा राहतो. इतिहास पुसण्यासाठी गिट-फिल्टर-रेपोसारखी साधने आहेत, परंतु ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याच्याकडची प्रत त्याने पुसली जात नाही. म्हणून इतिहास पुसण्याच्या खटपटीत पडण्यापूर्वी पासवर्ड बदला आणि जुनी किल्ली रद्द करा. चोराने किल्लीची नक्कल केली असेल तर आपण कुलूप बदलतो, किल्लीचा फोटो फाडत बसत नाही.

हेरोकू या क्लाउड-सेवेच्या मंडळींनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' नावाने काही नियम मांडले. त्यांत एक साधी कसोटी आहे: तुमचा सगळा कोड आत्ता या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादे गुपित फुटेल का? फुटणार असेल, तर कोड आणि कॉन्फिग यांची फारकत झालेली नाही.

कोलशेत | सोमवार, दुपारी १२:२०

गुपितांपुरते मान्य. मात्र पायथन फाइलला सरसकट नावे ठेवण्याची जी टूम आहे, ती मला पटत नाही. जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कची सेटिंग्ज फाइल पहिल्यापासून पायथनमध्येच आहे आणि त्यावर मोठमोठी संकेतस्थळे चालतात. पायथन फाइलमध्ये टिप्पणी लिहिता येते, एका मूल्यावरून दुसरे काढता येते, एडिटरला नावे कळतात आणि वेगळे लायब्ररीचे ओझे नको. विकासकासाठी एक आणि सर्व्हरसाठी एक अशा दोन फाइली करा, जँगोप्रमाणे कोणती घ्यायची ते एका व्हेरिएबलने सांगा, आणि विषय संपला.

रबाळे_नाका | सोमवार, दुपारी १२:४१

कोलशेत, विकासकच फाइलला हात लावणार असेल तर आपले म्हणणे रास्त आहे. पण एकदा गिऱ्हाइकाच्या माणसाने आमच्या पायथन फाइलमधला दर बदलताना शेवटी स्वल्पविराम ठेवला. 'दर = ६' च्या जागी 'दर = ६,' झाले. पायथनच्या दृष्टीने ही चूक नव्हती, तो एका घटकाचा ट्युपल, म्हणजे एक प्रकारची यादी, झाला. फाइल व्यवस्थित इम्पोर्ट झाली आणि तीन मॉड्यूल पलीकडे गुणाकाराच्या ठिकाणी भलताच आकडा येऊ लागला. शंभराने गुणायचे होते, म्हणून शंभर सहांची यादी मिळाली. शिवाय ज्याला ती फाइल बदलता येते, त्याला तिच्यात कोणताही कोड लिहून चालवता येतो, हा भाग निराळाच.

त्यानंतर आम्ही मोठ्या उत्साहाने यॅमलकडे गेलो आणि आगीतून फुफाट्यात पडलो. ती कथा जेवून आल्यावर सांगतो.

रबाळे_नाका | सोमवार, दुपारी २:१५

तर यॅमल. आमचेही काम गोदामांचे होते आणि गाळ्यांचे क्रमांक तीन अंकी, म्हणजे ००१, ००२ असे होते. ते यॅमलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिले. काही दिवसांनी तक्रार आली की १२ क्रमांकाच्या गाळ्याचा माल १० क्रमांकावर दिसतो. आम्ही सर्व क्वेरी तपासल्या, डेटाबेस तपासला, हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींवरही संशय घेतला. गंमत अशी की ००१ ते ००७ बरोबर होते, ०१८ आणि ०१९ बरोबर होते, पण ०१० ते ०१७ चुकत होते.

कारण असे की पायथनमधली पायवायएएमएल ही लायब्ररी यॅमलच्या १.१ या आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्या नियमांत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. ०१२ म्हणजे आठ अधिक दोन, म्हणजे दहा. ०१८ मध्ये आठ हा अंक आहे आणि तो अष्टमानात बसत नाही, म्हणून ती संख्या न होता मुकाट्याने अक्षरमाला, म्हणजे नुसता मजकूर (स्ट्रिंग), म्हणून राहते. त्यामुळे एकाच यादीत काही पूर्णांक आणि काही अक्षरमाला, आणि त्यांतले काही पूर्णांक चुकीचे, असा सगळा काला झाला होता.

तिकीटखिडकी | सोमवार, दुपारी २:२८

म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईचा एसटीडी कोड ०२२ हा यॅमलच्या हिशेबाने १८ आहे. आता कळले काही जणांचे फोन का लागत नाहीत.

पाम_बीच | सोमवार, दुपारी २:५०

तिकीटखिडकी, हसू आले, पण गणित अचूक आहे.

धागाकर्त्यांसाठी याहून जवळची गोष्ट सांगते. तुमची गोषवाऱ्याची वेळ साडेदहा आहे ना? ती यॅमलमध्ये २२:३० अशी उघडी लिहिलीत, तर पायवायएएमएल ती साठमान पद्धतीची संख्या समजून १३५० हा पूर्णांक देते, म्हणजे बावीस तासांची मिनिटे अधिक तीस. आणि सकाळची ०९:१५ ही वेळ मात्र शून्याने सुरू होत असल्यामुळे या नियमात बसत नाही आणि अक्षरमाला म्हणूनच मिळते. म्हणजे सकाळच्या वेळेवर चाचणी करून समाधान मानले, तर रात्री फसगत ठरलेली. नॉर्वे देशाचा 'एनओ' हा संकेत 'नाही' असा समजला जाऊन 'फॉल्स' होतो, हे उदाहरण बहुतेकांनी ऐकलेले असते, पण आपल्याकडे नॉर्वेशी संबंध येतो कितीसा? घड्याळ आणि गाळा क्रमांक रोजचे आहेत.

यॅमलची १.२ आवृत्ती २००९ साली आली आणि तिने यातले बरेच प्रकार काढून टाकले. रुआमेल ही लायब्ररी मूलतः १.२ चे नियम पाळते. यॅमलच वापरायचे असेल तर ती पाहावी. पायवायएएमएल वापरत असाल तर फाइल वाचायला किमान 'सेफ-लोड' तरी वापरा, कारण साध्या लोडमधून पूर्वी फाइलमधला मजकूर कोड म्हणून चालवता येत असे. ५.१ आवृत्तीपासून त्याबद्दल इशारा येऊ लागला आणि ६.० पासून लोडर सांगितल्याशिवाय लोड चालतच नाही.

कोलशेत | सोमवार, दुपारी ३:०२

अवतरणचिन्हे घाला की. सगळा प्रश्न तिथेच मिटतो.

रबाळे_नाका | सोमवार, दुपारी ३:०६

मिटतो, परंतु तो ज्याला प्रश्न आहे हे माहीत असते त्याच्यापुरता मिटतो.

उरणफाटा | सोमवार, सायंकाळी ६:४५

मी जुना माणूस आहे आणि आयएनआयच्या बाजूने दोन शब्द बोलू इच्छितो. आयएनआय फाइल वाचणारा कॉन्फिगपार्सर पायथनबरोबरच येतो. चौकोनी कंसात विभागाचे नाव, खाली 'नाव = मूल्य' अशा ओळी. नोटपॅड उघडता येणाऱ्या कोणालाही तो कळतो. त्याच्यात सर्व मूल्ये अक्षरमालाच असतात, त्यामुळे ०१२ हे ०१२ च राहते. ज्याला लोक त्याची उणीव म्हणतात, तो मला त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

त्याच्या खोड्याही सांगतो. एक, फाइल सापडली नाही तर 'रीड' ही क्रिया तक्रार करत नाही. ती फक्त वाचलेल्या फाइलींची यादी परत करते, आणि ती यादी कोणी पाहत नाही. त्यामुळे फाइल नसल्याचे खूप पुढे, विभाग सापडत नाही म्हणून कळते. दोन, टक्क्याचे चिन्ह त्याच्या लेखी विशेष आहे. पासवर्डमध्ये ते आले तर मूल्य वाचताना त्रुटी येते. ते दोनदा लिहावे लागते किंवा इंटरपोलेशन, म्हणजे एका मूल्यात दुसरे भरण्याची सोय, बंद करावे लागते. तीन, खरे-खोटे वाचायचे असेल तर 'गेट-बूलियन' वापरावे, कारण पायथनच्या 'बूल'ला 'फॉल्स' हा शब्द दिला तर उत्तर 'ट्रू' येते. अक्षरमाला रिकामी नाही एवढेच तो पाहतो.

आणि चौथी गोष्ट खास मराठी माणसासाठी. पेढीचे नाव देवनागरीत लिहिणार असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट सांगा. इंग्रजी विंडोजवर पायथन आजवर मूलतः सीपी-१२५२ ही रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत धरत आला आहे. त्यात होते असे की 'गणेश' हे नाव वाचले जाते, पण पट्टीवर मात्रा चढवलेल्या रोमन अक्षरांची रांगोळी छापली जाते. आणि 'कृष्णा' हे नाव असेल तर प्रोग्रॅम तिथेच आपटतो. एका पेढीवर चालते आणि दुसरीवर नाही, हे कोडे मला दोन दिवस सुटले नव्हते. शेवटी बाइट मोजले तेव्हा उलगडा झाला. यूटीएफ-८ मध्ये हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागी कोणतेच अक्षर नाही. म्हणून जोडाक्षर आले की त्रुटी. पहिल्या उकाराचेही तसेच आहे, त्याचा ८१.

पारसिक | सोमवार, सायंकाळी ७:१०

उरणफाटा काका, जोडाक्षराचा हा उलगडा वाचून धन्य झालो. बारा वर्षे मी ती त्रुटी पाहत आलो आणि प्रत्येक वेळी 'काहीतरी युनिकोडचे' म्हणून सोडून देत आलो.

तिकीटखिडकी | सोमवार, सायंकाळी ७:१४

म्हणजे गणेशाला अभय आणि कृष्णाला अटकाव. हा पक्षपात बरा नव्हे.

पाम_बीच | मंगळवार, सकाळी ९:३०

काल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलबद्दल कोणी विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहिते. महापेला मी जिथे काम करते तिथे सगळे कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्र बंदिस्त डब्यात, चालते आणि गुपिते व पत्ते याच मार्गाने येतात. कोड एकच राहतो, ठिकाणाप्रमाणे व्हेरिएबल बदलतात, हा त्याचा मोठा फायदा. पण 'एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवले की सुरक्षित' हा समज चुकीचा आहे. त्या प्रक्रियेने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला ती सर्व व्हेरिएबल वारशाने मिळतात, आणि त्रुटीच्या अहवालात एखाद्या साधनाने सगळे एन्व्हायर्नमेंट छापले तर गुपिते लॉगमध्ये जाऊन बसतात.

अशी व्हेरिएबल लिहून ठेवायच्या डॉट-एनव्ह फाइलचा एक प्रसंग सांगते. आमच्याकडे विकासक लॅपटॉपवर पायथन-डॉटएनव्ह ही लायब्ररी वापरत. फाइलमध्ये पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत होता. लायब्ररी ती चिन्हे काढून मूल्य देते, त्यामुळे सर्व ठीक चालले. तीच फाइल सर्व्हरवर कंटेनर सुरू करणाऱ्या डॉकर-रन या आज्ञेला एनव्ह-फाइल म्हणून दिली, आणि डॉकर-रन अवतरणचिन्हे काढत नाही. पासवर्ड दोन अक्षरांनी लांब झाला आणि डेटाबेसने दार उघडले नाही. आम्ही लॉगमध्ये पासवर्ड छापून पाहिला, जे करू नये ते केले, तरी लक्षात येईना, कारण छापलेल्या ओळीत अवतरणचिन्हे असणे कोणालाच खटकत नव्हते. शेवटी लांबी छापली. बारा अक्षरांच्या पासवर्डची लांबी चौदा आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आणखी एक. पायथन-डॉटएनव्ह आधीपासून असलेल्या व्हेरिएबलवर मूलतः स्वतःचे मूल्य लिहीत नाही. तुमच्या 'चाचणी १२३' सारख्या प्रसंगात हे महत्त्वाचे ठरते. फाइल बदलली तरी टर्मिनलमध्ये जुने व्हेरिएबल राहिले असेल, तर जुनेच चालेल.

कोलशेत | मंगळवार, सकाळी १०:०५

पाम_बीच ताई, पण धागाकर्त्यांचा प्रोग्रॅम वाशीच्या पेढीवर विंडोजवर चालतो. तिथे मेहताजींना सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन व्हेरिएबल बदलायला सांगणार का?

पाम_बीच | मंगळवार, सकाळी १०:२२

तो मुद्दा आपला बरोबर आहे. मी आमच्या घरचे सांगितले.

येऊरची_वाट | मंगळवार, दुपारी १:१०

कोलशेत यांनी जाता जाता जो प्रश्न विचारला, तोच मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कालपासून आपण कोणते स्वरूप चांगले यावर बोलत आहोत. पण ती फाइल बदलणार कोण, केव्हा बदलणार आणि चुकली तर कळणार कोणाला, हे आधी ठरले पाहिजे. धागाकर्त्यांच्या एका फाइलमध्ये खरे तर चार मालकांचा माल एकाच गाळ्यावर उतरवलेला आहे.

डेटाबेसचा पासवर्ड आणि एसएमएसची किल्ली ही गुपिते. ती बदलण्याचा अधिकार फक्त तुमचा. ती गिटमध्ये नसावीत, त्या त्या संगणकावर असावीत आणि फाइलच्या परवानग्या आवळलेल्या असाव्यात. डेटाबेसचा पत्ता, छपाईयंत्राचे नाव आणि संदेश खरोखर पाठवायचे की नाही, ही त्या जागेची माहिती. ती प्रत्येक पेढीची वेगळी असते आणि प्रोग्रॅम बसवताना एकदा ठरते. गोषवाऱ्याची वेळ ही मालकाची आवड, ती मेहताजींनाही बदलता यावी.

राहता राहिले आडत, हमाली, तोलाई. त्यांना मी कॉन्फिग मानतच नाही. मी काही वर्षे बाजारसमितीशी संबंधित हिशेबांचे काम केले आहे. दर आज बदलला, पण एखाद्या शेतकऱ्याने मागच्या महिन्याची पट्टी पुन्हा मागितली, तर ती जुन्याच दराने निघाली पाहिजे. फाइलमध्ये फक्त आजचा दर असतो. म्हणून दर डेटाबेसच्या तक्त्यात, 'कोणत्या तारखेपासून लागू' या स्तंभासह ठेवावेत. आणि काही बदल तर दराचेही नसतात. २०१६ साली फळे आणि भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तेव्हा आकडा बदलून भागले नाही, पट्टीची मांडणीच बदलावी लागली. ज्यांनी 'आडत कोणाकडून' हेही कॉन्फिगमध्ये घेतले असते त्यांचे काम तेवढ्यापुरते सोपे झाले असते, असे तेव्हा काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. होऊ शकणारा प्रत्येक बदल कॉन्फिगमध्ये घ्यायला गेलो, तर कॉन्फिग हीच एक अर्धवट प्रोग्रॅमिंग भाषा होऊन बसते, आणि तिची चाचणी कोणीच लिहीत नाही.

रस्ता_सोळा | मंगळवार, दुपारी १:४५

येऊरची_वाट, आपला प्रतिसाद छापून भिंतीवर लावला आहे. जुन्या पट्टीचा मुद्दा आमच्या डोक्यात आलाच नव्हता. एका गिऱ्हाइकाने 'पुन्हा छापलेली पट्टी जुळत नाही' असे मागे म्हटले होते, तेव्हा आम्ही त्यांचीच बेरीज चुकली असेल असे धरले. त्यांना आज फोन करतो.

मासुंदा | मंगळवार, दुपारी १:५०

पासवर्ड बदललात का?

सानपाडा_पूर्व | मंगळवार, रात्री ९:२०

स्वरूपाबद्दल माझे मत टॉमलच्या बाजूने आहे. पायथन ३.११ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, टॉमलिब हे मॉड्यूल भाषेबरोबरच येते. पायथन प्रकल्पांतल्या पायप्रोजेक्ट.टॉमल फाइलमुळे आपल्याला त्या लिखाणाची सवयही झालेली असते. त्याचा स्वभाव यॅमलच्या उलट आहे. यॅमल तुमच्या मनातले ओळखायला जाते, टॉमल खुलासा मागते. ०१२ असे उघडे लिहिले तर ते दहाही करत नाही आणि बाराही करत नाही, ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक देऊन नकार देते. एकच नाव दोनदा लिहिले तर पायवायएएमएल आणि जेसन शेवटचे मूल्य गुपचूप घेतात, टॉमल तिथेही नकार देते. वेळ २२:३०:०० अशी सेकंदासह लिहिली तर थेट टाइम प्रकारची वस्तू हाती येते. जेसनबद्दल एवढेच म्हणेन की ज्या फाइलमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, ती माणसाने हाताने लिहिण्यासाठी नाही.

मर्यादा अशी की टॉमलिब फक्त वाचते, लिहीत नाही. प्रोग्रॅममधूनच फाइल बदलायची असेल आणि टिप्पण्याही टिकवायच्या असतील, तर टॉमलकिट घ्यावी लागते.

वाचल्यावरचे काम अधिक महत्त्वाचे. फाइल वाचून मिळालेला शब्दकोश (डिक्शनरी, म्हणजे नाव-मूल्यांच्या जोड्या) जसाच्या तसा सगळीकडे फिरवू नका. कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे ते सांगणारा एक डेटाक्लास किंवा पायडँटिक या तपासणीच्या लायब्ररीचे मॉडेल करा आणि प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच सर्व मूल्ये तपासा. पायडँटिक सगळ्या चुका एकदम सांगते, एक सुधारली की दुसरी, असा खेळ करत नाही. पासवर्डसाठी त्यात सीक्रेट-स्ट्र हा प्रकार आहे, तो छापला तर तारे दिसतात. मात्र दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सेटिंग्ज वाचणारे बेस-सेटिंग्ज वेगळ्या पायडँटिक-सेटिंग्ज पॅकेजमध्ये गेले आहे. जुने लेख पाहून इम्पोर्ट केले तर त्रुटी येईल.

रबाळे_नाका | बुधवार, सकाळी ८:५५

ऐरोलीला गाडी थांबली आहे तेवढ्यात एक लहान मुद्दा. फाइलचा मार्ग सापेक्ष ठेवू नका. 'कॉन्फिग.टॉमल' एवढेच लिहिले, तर ती प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शोधली जात नाही, प्रोग्रॅम जिथून सुरू झाला तिथे शोधली जाते. हाताने चालवताना दोन्ही जागा एकच असतात, म्हणून सगळे छान चालते. तुमचा रात्रीचा गोषवारा विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून सुटत असेल आणि तिथे सुरुवातीचे फोल्डर दिले नसेल, तर शोध विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये सुरू होतो. पाथलिबने मॉड्यूलच्या स्वतःच्या जागेपासून मार्ग काढा, नाहीतर मार्ग चक्क आज्ञेतच द्या. आणि कोणती फाइल कुठून वाचली, ही ओळ सुरुवातीलाच लॉगमध्ये लिहा. त्या एका ओळीने माझ्या कित्येक संध्याकाळी वाचवल्या आहेत.

कोलशेत | बुधवार, सकाळी ११:४०

मीही थोडा नमतो. विकासकच बदलणार असलेल्या मूल्यांसाठी मी पायथन फाइल सोडणार नाही, परंतु गिऱ्हाइकाच्या संगणकावर ती ठेवणार नाही. आणि 'चाचणी १२३' पुरते सांगायचे तर स्वरूप कोणतेही असो, एसएमएस पाठवण्याचे मूळ मूल्य 'नाही' असे ठेवा. ज्या संगणकावर खरेच पाठवायचे आहेत, तिथेच ते मुद्दाम 'होय' करावे लागेल. फाइल हरवली किंवा ओळ राहून गेली, तर कोणाला संदेश जाणार नाही. मालक ओरडेल, पण साठ शेतकरी पहाटे उठणार नाहीत.

उरणफाटा | बुधवार, दुपारी १२:०८

हे शंभर टक्के. फक्त कॉन्फिगपार्सरमध्ये टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहावे.

रस्ता_सोळा | शनिवार, सायंकाळी ५:३०

मंडळी, चार दिवस कामात गेलो, आता अहवाल देतो.

दर डेटाबेसमध्ये हलवले, तारखेच्या स्तंभासह. ज्या गिऱ्हाइकाची पट्टी जुळत नव्हती, त्यांची बेरीज बरोबर होती. आम्हीच चुकलो होतो, आणि तसे सांगून आलो. त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या महिन्याचे बिल कमी करायला सांगितले.

राहिलेल्या गोष्टींच्या दोन टॉमल फाइली केल्या. एकीत जागेची माहिती व गुपिते आहेत, ती आमच्याशिवाय कोणी उघडत नाही. दुसरीत मालकाच्या आवडीच्या मोजून पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीच्या वर मराठीत टिप्पणी आहे. सर्व मूल्ये सुरुवातीलाच पायडँटिकने तपासली जातात. एसएमएसचे मूळ मूल्य 'नाही' केले. गिटमध्ये आता फक्त नमुना फाइल आहे. पहिल्याच दिवशी मेहताजींनी वेळ २२.३० अशी टिंब देऊन लिहिली. टॉमलने ती दशांश संख्या म्हणून मुकाट घेतली, पण पायडँटिकच्या मॉडेलमध्ये 'ती वेळच हवी, संख्या चालणार नाही' असे आम्ही बजावून ठेवले असल्याने प्रोग्रॅमने सुरू होण्यास नकार दिला. संदेश आम्ही मराठीत लिहिला होता, त्यामुळे फोन न करता त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला.

फक्त टॉमलिबच्या 'लोड'ला फाइल बायनरी पद्धतीने उघडून द्यावी लागते, ते आम्ही करत नाही. एका पेढीवरचे जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंग ओळखण्यासाठीचे, अदृश्य चिन्ह घालते आणि त्यामुळे पहिल्याच ओळीवर त्रुटी येत होती. म्हणून फाइल यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने वाचून मजकूर 'लोड्स'ला देतो. चिन्ह असो वा नसो, दोन्ही चालते.

सानपाडा_पूर्व | शनिवार, सायंकाळी ५:५२

उत्तम केलेत. बीओएमचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, लिहून ठेवतो.

मासुंदा | शनिवार, सायंकाळी ६:०१

सर्व छान. पासवर्ड बदललात का?

रस्ता_सोळा | शनिवार, सायंकाळी ६:१५

सहा गिऱ्हाइकांचे बदलले आणि त्यांच्या जुन्या किल्ल्या रद्द केल्या. सातव्यांचे एसएमएसचे खाते मालकांच्या स्वतःच्या मोबाइलवर नोंदलेले आहे, ओटीपी तिथेच येतो, आणि ते कांद्याच्या खरेदीसाठी लासलगावला गेले आहेत. सोमवारी पहाटे गाळ्यावर येतील, तेव्हा पाचच्या आत मी तिथे हजर असेन.

मासुंदा | शनिवार, सायंकाळी ६:१८

सोमवारी विचारतो.